पुढच्याला विचारणारा दादा

"पुढच्याला विचार, आणि शांत उभी राहा." एवढं म्हणून दादा डोळे अर्धे मिटायचा.

आता तो सिंगापूरमध्ये नाही. चांगी बिझनेस पार्कमधल्या आमच्या ऑफिसात तो प्रोग्रॅम लिहायचा आणि मी टेस्टर, म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढून पगार घेणारी बाई. वयानं मोठा, मिरजेचा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचे. तुमच्याही ऑफिसात असा एक असेलच. मीटिंगमध्ये खिडकीबाहेर तरंगत उतरणारी विमानं बघत बसतो, झोपलाय असं वाटतं, आणि विचारलं की नेमकं उत्तर देतो.

त्याचा जीव प्रोग्रॅम लिहिण्याच्या एका पद्धतीवर, रिकर्शनवर. एकदा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडपात, जेवणाची ही लांबलचक रांग! मी म्हटलं, "पुढे किती जण आहेत, बघून येते."

"तो झाला लूप," दादा म्हणाला. "स्वतः चालायचं, एकेक डोकं मोजायचं. कशाला? तू फक्त पुढच्याला विचार, तुझ्यापुढे किती? तो त्याच्या पुढच्याला विचारेल. अगदी पहिला म्हणेल, कुणी नाही. मग प्रत्येकानं त्यात एक मिळवून मागे सांगायचं. उत्तर आपल्या पायांनी चालत येतं. हे रिकर्शन."

"अरे, लोक काय वेडे आहेत?"

पण त्यानं विचारलंच. आणि सिंगापूरची रांग ती, प्रश्न शिस्तीत पुढे सरकला! वर पंखे संथ फिरत होते, सुपाची वाफ हवेत विरत होती. आम्ही वाट बघत राहिलो. उत्तर काही येईना. शेवटी मी तरातरा पुढे गेले. मधल्या एका आजोबांच्या कानात इअरफोन, स्वारी गाण्यावर मान डोलवत उभी. त्यांच्या मागचे सगळे खोळंबलेले.

"घे तुझं रिकर्शन! एक जण गप्प राहिला की बसा बोंबलत."

"पण वाट बघताना किती छान वाटत होतं," दादा म्हणाला. त्याला खरंच तसं वाटलं होतं. अशा माणसावर चिडून तरी किती चिडणार?

ऑफिसातही तेच. त्याच्या एका प्रोग्रॅममध्ये मी मुद्दाम एकात एक अशी फार खोलवर गेलेली माहिती घातली आणि प्रोग्रॅम आडवा झाला. प्रत्येक पायरी आपलं काम अर्धवट धरून खालच्या पायरीची वाट बघत बसलेली. शेवटी मशीनची मेमरीच संपली. मॅनेजर म्हणाले, लूप करून टाका. दादानं मुकाट्यानं केला. उत्तर तेच आलं. "प्रत्येक रिकर्शनचा लूप करता येतो गं," तो म्हणाला. "फक्त मग दुसऱ्यावर सोपवून थांबता येत नाही. सगळं स्वतःच सांभाळत चालावं लागतं."

रविवारी तो आमच्या फ्लॅटवर जेवायला यायचा. जेवण झालं की मिरजेला फोन, स्पीकरवर.

"आई, बाबांनी गोळ्या घेतल्या का, विचार."

"अहो, गोळ्या घेतल्या का, विचारतोय."

तिथूनच बाबांचा खणखणीत आवाज, "घेतल्या म्हणावं."

"घेतल्या म्हणतात रे."

दादाला सगळं ऐकू आलेलं असायचं. तरी आईचं वाक्य पुरं होईपर्यंत तो मान हलवायचा नाही. त्यानं इथलं पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, घेतलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "मग तिकडचाच हो." तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. मी आधी हसू दाबायचे, मग म्हणायचे,

"अरे, सरळ बोल ना त्यांच्याशी!"

"उत्तर येतंय ना? झालं तर."

मग आईला अर्धांगवायू झाला. जीव वाचला, वाचा गेली. त्या रविवारी कुणीतरी फोन तिच्या उशाशी ठेवला. दादा सवयीनं म्हणाला, "आई, बाबा जेवले का, विचार." तिचे ओठ हलले असतील, ऐकू काही आलं नाही. बाबा तिथेच होते, त्यांचा खोकला ऐकू आला. इकडे हा थांबलेला, तिकडे ते. खिडकीबाहेर पाऊस येऊन गेला, पिवळं ऊन पडलं, तरी फोन कुणी ठेवेना. मला राहवेना.

"दादा, आता मध्ये कुणी नाही रे. तुलाच जायला हवं."

"गेलो आणि बाबा बोललेच नाहीत तर?" इतकं घाबरलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

त्यानं नोकरी सोडली. विमानतळावर सोडायला मी टॅक्सीत बरोबर होते. रस्त्यावर झाडांची कमान, काचेवरून सावल्या सरकत होत्या, गाडी चालतेय की आपण स्वप्नात आहोत कळेना. अचानक त्यानं बाबांचा नंबर लावला.

"बाबा, मी."

पलीकडून खोकला. मग, "आई झोपलीय. उठली की सांगतो तिला."

"आईला नाही, बाबा. तुम्हालाच सांगायचंय. मी घरी येतोय."

मग तोच खणखणीत आवाज, पण अगदी बारीक झालेला. "मिरजेला गाडी कितीला पोचते? स्टेशनवर येतो मी."

दादानं वेळ सांगितली. टॅक्सी थांबली. ड्रायव्हर इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "बॉस, रीच ऑलरेडी, लाह." पलीकडून फोन केव्हाच ठेवला होता. दादा मात्र तो कानाला घट्ट धरून बसलेला, गाल ओलेचिंब. मीही रडत होते. बॅगा बिचाऱ्या ड्रायव्हरनंच उतरवल्या.