चोवीस चौकोन

रतन साळवे आयुष्यभर 'नाही' म्हणत जगले. डोंबिवलीतल्या एका केमिकल कंपनीत ते युनियनचे सेक्रेटरी होते. मॅनेजरने कागद पुढे सरकवला की वाचायच्या आधीच 'नाही' यायचं. घरीही तोच खाक्या. बायकोने, कांताताईंनी, माहेरी जाऊ का विचारलं, नाही. पोराने बाइक मागितली, नाही. माणूस तोंडाचा फटकळ आणि मनाचाही, खरं सांगते, फारसा प्रेमळ नव्हताच.

मग स्नायू झिजवणारा आजार जडला. दोन वर्षांत हात गेले, पाय गेले, वाचा गेली. डोळे तेवढे राहिले.

मी नौपाड्यात वाचा-उपचार करते. आमच्या क्लिनिककडे नजरेवर बोलणारा एक टॅब आहे, तो आम्ही पेशंटना वापरायला देतो. पडद्यावर चोवीस चौकोन असतात. ज्या चौकोनाकडे दोन सेकंद बघाल, त्यातलं वाक्य टॅब मोठ्याने बोलतो. चौकोनांत काय घालायचं ते आम्ही घरच्यांना विचारून ठरवतो. पेशंटला विचारायला वेळ लागतो ना! ही आमची पद्धत. चूक म्हणा हवं तर.

ठाकुर्लीच्या घरी कांताताईंनी भराभर यादी सांगितली. जयभीम. पाणी. लघवी. डोकं दुखतंय. टीव्ही बंद करा. बरं वाटतंय. हो.

"आणि नाही?" मी विचारलं.

"ते कशाला? तीस वर्षं तेच ऐकतेय मी," त्या म्हणाल्या. "आता जरा हो म्हणू देत."

सगळे हसले. मीही हसले. साळवे पलंगावरून माझ्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, दमले. एकेक अक्षर निवडून लिहायचं पानही त्यांच्या मुलाने, सुमितने, काढायला लावलं. "एक वाक्य लिहायला पप्पा अर्धा तास घेतील मॅडम, कोण बसणार?" मी पान काढलं आणि कुणी काही बदलू नये म्हणून पासवर्ड घातला.

सात महिन्यांनी सुमितचा फोन आला. पप्पांना टिटवाळ्याच्या एका संस्थेत ठेवायचं होतं, कायमचं. पेशंटची स्वतःची संमती व्हिडिओवर हवी आणि सोबत उपचार करणाऱ्याची सही, असा संस्थेचा नियम. मी गेले. खाली गाडी उभीच होती. कांताताईंच्या कंबरेला पट्टा होता. नवऱ्याला उचलून उचलून बाईची कंबर गेली होती. त्यांचा मला राग येईना, हेच वाईट.

सुमितने मोबाइल धरला. "पप्पा, टिटवाळ्याला जायचंय ना तुम्हाला?"

"लघवी," टॅब बोलला.

भांडं लावलं. काही झालं नाही. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा "लघवी." पुन्हा भांडं.

"मुद्दाम करतायत," कांताताई करवादल्या.

तिसऱ्यांदा विचारलं. "टीव्ही बंद करा."

"अहो, बंदच आहे तो!"

"टीव्ही बंद करा. टीव्ही बंद करा."

सुमितला हसू आवरेना. माणूस काय म्हणतोय ते त्या खोलीत मला एकटीलाच कळलं. नवा चौकोन घालायला दोन मिनिटं लागतात आणि पासवर्ड मला पाठ होता. पण खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, कांताताई कंबर धरून भिंतीला टेकल्या होत्या, आणि माझी चूक सगळ्यांसमोर कबूल करायला मी धजले नाही.

साळव्यांनी डोळे मिटून घेतले. कांताताईंनी ओल्या फडक्याने ते पुसले, तसे उघडावे लागले. दमलेली नजर पडद्याच्या मधोमध येऊन थांबते. म्हणून सगळ्यात मोठा चौकोन मी तिथेच ठेवला होता.

"हो," टॅब बोलला.

"झालं," म्हणत सुमितने रेकॉर्डिंग थांबवलं. मी सही केली.

त्यांना खुर्चीत बांधून खाली नेत होते, तोवर मी टॅब बॅगेत भरला. संस्थेत तो रोज लावून द्यायला माणूस नव्हता, आणि कल्याणची एक बाई चार महिने त्याची वाट बघत होती.