आधी मोठीचा कागद

अंगठा आणि त्याशेजारचं बोट जिभेला लावायचं, तुटलेल्या धाग्याची दोन टोकं चिमटीत धरायची आणि एक पीळ द्यायचा. "तुटलं त सांधू. त्यात काय!" हे म्हणून होईपर्यंत धागा सांधलेला असायचा. चपलेचा अंगठा तुटो की शेजारणीच्या पोरीची सोयरीक तुटो, बाईची चिमटी तशीच ओली होऊन पुढे यायची.

ही आमच्या भंडाऱ्यातली विणकरीण. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, घरात एक हातमाग. गोष्ट पंचाहत्तरच्या आसपासची. मी कचेरीसमोर लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसायचो. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "बाबू, तुहा माग लई कडकड करते, पण कापड काई निघून नाही राहिलं." लिंबाखालचे सगळे वकील हसले. मीही हसलो. मी दंडारीत, आमच्याकडच्या गावनाटकात, राजाचं सोंग घ्यायचो, आणि राजाला चिडणं शोभत नाही.

तिच्याकडे मागाच्या कांड्यांवर सूत भरायला येणारी एक बाई तापात गेली. तिच्या दोन पोरी हिच्याकडेच राहिल्या. बाप नाकाडोंगरीकडे खाणीत कामाला. दारू सुटत नव्हती, हात मात्र सुटायचा. मोठी दहाची, लहानी चारची. मोठीच्या पाठीवर वळ होते. लहानीचं तर विचारू नका. कोणी नुसती टोपी काढायला हात वर केला, तरी ती दोन्ही हातांनी डोकं झाकायची.

बाईनं दत्तक घ्यायचं ठरवलं. खाणारी तोंडं कमी होणार म्हणून बाप अंगठा द्यायला तयारच होता.

"काकी, दोघींचे कागद एकदमच करून टाकू," मी म्हटलं.

"येडा हायेस काय? आधी मोठीचं कार्य, मंग लहानीचं. एका मांडवात दोन कायले?"

मोठीचा कागद झाला. बाईनं माझ्या टाइपरायटरला हळदकुंकू वाहिलं. आठवडाभर माझे अर्ज पिवळे उमटत होते.

पुढच्या वर्षी ती लहानीला नवं झंपर घालून घेऊन आली. शेजारच्या वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं. "एक मुलगी आहे ना तुम्हाला? मग दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. त्या दिवशी एकदम दोघीही घेता आल्या नसत्या."

"असा कसा कायदा? बहिनी हायेत त्या!"

"असोत."

तेवढ्यात सोबत आलेली मोठी पुढे झाली. अकरा वर्षांची पोर. "वकीलसाहेब, माहा कागद फाडा. तिचा करा. मी तशीबी राहीन."

"दत्तक तुटत नाही, बाळ."

बाईची चिमटी ओठांपर्यंत गेली होती, ती तिथंच थांबली. "तुटतच नाही?" आयुष्यात पहिल्यांदा तिला न तुटणारी गोष्ट भेटली होती, आणि तिचं काय करायचं ते तिला कळेना.

चार वर्षं बरी गेली. मग बाप आला. त्यानं दुसरी बायको केली होती, तिला मूल झालं होतं, ते कडेवर घ्यायला पोरगी हवी होती. मोठीला हात लावायची सोय नव्हती. तिचा कागद होता. "लहानी माही हाये," तो म्हणाला. आणि खरंच, कागदानं त्याचीच होती. बाई लहानीला ओढत लिंबाखाली धावत आली, मागोमाग बाप.

"बाबू, काई बी लिही!"

मग मी लिहिलं. काय लिहिलं म्हणता! 'ज्याअर्थी' आणि 'त्याअर्थी' मिळून पाऊण पान. खाली आमच्या दंडार मंडळाचा गोल शिक्का. उभा राहिलो आणि राजाच्या आवाजात कागद वाचला. बापानं हात जोडले आणि मागं न बघता बसस्टँड गाठला. लिंबाखाली टाळ्या पडल्या.

लहानीनं माझी बाही ओढली. "काका, आता माहा बी कागद झाला ना?"

"झाला," मी म्हणालो.

पंधरा दिवसांनी तो परत आला. या खेपेला सोबत शिकलेला मेहुणा होता. मेहुण्यानं कागद वाचला, शिक्का वाचला आणि पोट धरून हसला. लहानी दुपारच्या गाडीनं गेली. बसच्या पायरीवर तिला चढवायला बापानं हात वर केला, आणि तिनं डोकं झाकलं.

त्यानंतर दर दिवाळी झाली की बाई यायची. "बदलला काय रे कायदा?"

"दिल्लीले कळवलं हाये, काकी."

"जोरानं वाजव तुहा माग. तेथवर ऐकू गेला पायजे."

एका वर्षी तिनं विचारलंच नाही. लहानीला बपेऱ्याच्या पुढं, राज्याच्या हद्दीपलीकडे कुठंतरी लग्न लावून देऊन टाकलं होतं. तेराव्या वर्षी. बाई नुसती बसून राहिली. तिला बोलतं करावं म्हणून मी मुद्दाम यंत्राची रिबन दाखवली. "तुटली पाहा, काकी."

तिनं पाहिलं. "नवी आन," म्हणाली आणि उठली.

बाई वारली तेव्हा घर आणि माग नावावर करून घ्यायला मोठी आली. वारसाचा अर्ज. मी कागद चढवला. 'मयताच्या मुली' इथवर आलो आणि थांबलो.

"दोन लिहा ना, काका," मोठी म्हणाली.

वकील चष्म्यावरून बघत होते. दंडार मंडळाचा शिक्का खोक्यातच होता.

मी दोन कळा दाबल्या. 'एक'.