सलोमेकाकूच्या हातची चिठ्ठी

पंधरा नावांच्या जागी मी चौदाच लिहिली, आणि तीही चाळीस चिठ्ठ्यांवर. राहिलं ते नेमकं आमच्याच जिल्ह्याच्या माणसाचं. ते इतकं तोंडपाठ होतं, की कागदावर उतरवायचं सुचलंच नाही.

१७९६ साली आम्हा पेनसिल्व्हेनियावाल्यांना राष्ट्राध्यक्ष निवडायचा, तर पंधरा प्रतिनिधींची नावं हाताने लिहिलेली चिठ्ठी टाकावी लागे. छापील चालत नसे. आमची शेतकरी मंडळी जेफरसनच्या बाजूची, पण लेखणी हातात आली की बोटं आखडत. म्हणून पक्षाचा माणूस नमुना आणि काम देऊन गेला: शंभर चिठ्ठ्या सलोमेकाकूला, चाळीस मला.

सलोमे हेफ्नर म्हणजे पिंपं करणाऱ्या हेफ्नरची विधवा. गावातल्या प्रत्येक पोराचा बाप्तिस्म्याचा कागद तिनेच लिहिलेला, कडेला पाखरं आणि फुलं काढून. माझासुद्धा. शाळेचा मास्तर मी, आणि लोक विचारणार, काकूच्या हातची मिळेल का? मत मला होतं, तिला नव्हतं, एवढाच काय तो दिलासा. तिच्या आधी संपवायच्या म्हणून मी त्या नमुन्याशी ताडूनही पाहिल्या नाहीत.

मतदान गावच्या खाणावळीत होतं. त्या सकाळी तिच्या दारात योस्ट केमरर या शेतकऱ्याने माझ्या चिठ्ठीवरची नावं बोटांवर मोजली. पुन्हा मोजली.

"काय मास्तर, तुमच्या शाळेत चौदापर्यंतच शिकवतात का?"

चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. तिथेच सफरचंदाचा मुरंबा विकत बसलेल्या सलोमेकाकूने बरण्या सरकवल्या, चिठ्ठ्या मागून घेतल्या आणि राहिलेलं नाव तळाशी लिहू लागली. मी कुरकुरलो, की दोन हातांचं अक्षर दिसलं तर आतले मतं तपासणारे हरकत घेतील.

"म्हणून तुझंच काढतेय," ती मान वर न करता म्हणाली. "शेपट्या फार सोडतोस रे बाबा."

पाहिलं तर वळण माझं, शेपट्या माझ्या, फक्त ओळ सरळ. माझं अक्षर तिला माझ्यापेक्षा बरं येत होतं. आभार मानायला तोंड उघडलं, आणि म्हणालो काय, तर शाई जरा पातळ आहे.

चाळीसही चिठ्ठ्या आत गेल्या. काकू बाहेरच. योस्टने जाताजाता माझी पाठ थोपटली. शेवटचं नाव भारी उतरलंय, म्हणाला. मी मान डोलावली.

"माझी लेखणीची सहा पिसं झिजली," काकू उठताना म्हणाली. "तुमच्या अंगणातल्या हंसांची आणून दे."

दुसऱ्याच दिवशी उपटली. टोकंही तासली. हल्ली मी त्या पिसांनीच तिच्यासारखं लिहायचा सराव करतो. तिच्याकडे अजून एकही पोचलेलं नाही.