मुहूर्तासाठी दिलेली किल्ली

नोकरीत तपासलेले बरेचसे गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. लातूरच्या टेलर मास्टरांच्या घराचे प्रकरण मात्र मला अजून जसेच्या तसे आठवते.

भूकंपाला काही वर्षे झाली होती. शहरात शिकवणी वर्गांचे पेव फुटले होते आणि वर्गांमागच्या गल्लीत ज्याच्याकडे एक खोली जास्त, तो होस्टेलवाला झाला होता. घरात कुटुंब किती सुखाने राहील हे कोणी विचारत नव्हते. कॉट किती बसतील, एवढाच सवाल.

मास्टरांचे घर त्याच गल्लीत. भूकंपानंतर त्यांच्या बेगम स्लॅबखाली झोपत नसत. बाज अंगणात. थंडी असो, पाऊस असो. घर विकायचे, नांदेडला मुलीच्या शेजारी पत्र्याचे घर घ्यायचे, आणि बायकोला पुन्हा छताखाली झोप लागावी, एवढीच मास्टरांची इच्छा होती. दलालाला त्यांनी दारातूनच परत पाठवले, कारण तो खोल्यांत पार्टिशन टाकायला सांगत होता. मास्टरांना घर संसारी माणसालाच द्यायचे होते. त्यांनी दारावर खडूने स्वतःच लिहिले, ‘घर विकणे आहे’.

गिऱ्हाईक आले ते बायको आणि म्हाताऱ्या आईला घेऊन. धर्माबादकडचे, आडतीचा धंदा, मुलीला लातुरात शिकवायचे, असे त्याने सांगितले. बोलणी झाली, इसार दिला. मग तो म्हणाला, रजिस्ट्री पुढच्या आठवड्यात करू, पण दसऱ्याचा मुहूर्त चुकायला नको. आईच्या हातून गृहप्रवेशाचे दूध उतू घालवून घेतो. मास्टर सामान घेऊन भावाकडे गेले आणि किल्ली देऊन टाकली. बेगमनी दुधासाठी आपले नवे पातेले दिले.

रजिस्ट्रीच्या दिवशी कोणी आले नाही. मास्टर घरी गेले तर कुलूप बदललेले, आत कॉटला कॉट लागलेली आणि किनवट, हिमायतनगरची पोरे पुस्तके उघडून बसलेली.

“मुहूर्ताला नाही कसं म्हणायचं साहेब? त्यांच्या देवाचं काम होतं,” मास्टर ठाण्यात मला म्हणाले.

मी गल्लीत चौकशी केली. जो तो म्हणे, “हाव साहेब, घर त्यांचंच हाय. पूजा झाली, आमी शिरा खाल्ला.” गृहप्रवेशाला जेवलेली अख्खी गल्ली आरोपीची साक्षीदार झाली होती. आरोपी ठाण्यात पाय पसरून सांगत होता, “ताबा माझा आहे. बाकी कोर्टात बघू.” ठाण्याच्या भाषेत ही दिवाणी बाब. कोर्टात तारखा पडत राहणार, तोवर हा पोरांची वर्षाची फी खाऊन मोकळा होणार, आणि मालक थकून येईल त्या भावाला घर सोडणार. गरिबाला थकवणे हाच ज्यांचा धंदा, त्यांना असे कायदे फार सोयीचे पडतात. तेव्हाही माझे डोके तापले होते, आजही तापते. पण त्याची नियत मुळातच खोटी होती, हे सिद्ध झाल्याशिवाय फसवणुकीचे कलम लागत नव्हते.

खबर दिली ती त्याच दलालाने.

“मास्टर मला टाळून घर इकाया निघाले, तवा मी हसलो होतो साहेब,” तो म्हणाला. “आता हसू येईना. ह्या गड्यानं नांदेडात बी हेच केलंय. तिथं बी मुहूर्त, तिथं बी दूध. फक्त माय दुसरी होती.”

नांदेडला माणूस पाठवला. तिथे घर गमावलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी आरोपीचा फोटो ओळखला. ते थकले होते आणि मिळेल त्या भावाला घर देऊन बसले होते.

मग मी आरोपीला आणि त्याच्या म्हाताऱ्या आईला वेगवेगळ्या खोल्यांत बसवले. खोटे बोलणारा माणूस गाव, धंदा, नातेवाईक सगळे पाठ करून येतो. साध्या गोष्टी त्याला सुचत नाहीत. महिला शिपायाने म्हातारीला चहा दिला आणि सहज विचारले, “मावशी, ह्याच्या येळंला सुईण कोण होती?”

आमच्याकडची माय सुईणीचे नाव मरेपर्यंत विसरत नाही. म्हातारीने कप खाली ठेवला.

“म्या न्हाई त्याची माय,” ती म्हणाली. “सैंपाकाला आणलंय मला. माजं घर भूकंपात गेलं, पोरं बी गेली. त्यो म्हन्ला, दूध उतू घाल, मग हितंच ऱ्हा.” आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “पर साहेब, दूध उतू गेलं तवा मी रडले, ते खोटं न्हवतं.”

तिच्या जबाबावर गुन्हा उभा राहिला. आरोपी आत गेला, आणि नाइलाजाने तिचेही नाव आरोपींत घालावे लागले. घर मास्टरांना परत मिळाले. पोरांना मात्र त्यांनी परीक्षा होईपर्यंत हलवले नाही. “त्यांच्या मायबापाला पण फसवलंय साहेब,” ते म्हणाले.

उन्हाळ्यात ते पुन्हा ठाण्यात आले. घराला गिऱ्हाईक मिळाले होते. चांगले कुटुंब, लहान मुले. रजिस्ट्रीआधी अक्षय तृतीया येत होती आणि ते किल्ली मागत होते.

“द्यावी का साहेब?”

“कागद झाल्याशिवाय कोणालाही देऊ नका,” मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. ते कुटुंब नाराज होऊन दुसरीकडे गेले. पुढे घर दलालामार्फत एका होस्टेलवाल्याने घेतले, रजिस्ट्री बिनचूक झाली. पण तोवर आणखी एक पावसाळा बेगमनी अंगणातच काढला होता.

या प्रकरणाने मला शिकवले ते हे की, चोर पकडता येतो. पण त्याने लोकांच्या मनातून नेलेला भरवसा मुद्देमालात जप्त होत नाही. माझा सल्ला कायद्याला धरून होता. आज कोणी विचारले, तरी मी तेच सांगेन. आणि सांगताना आजही वाईट वाटेल.