दावं तोडून निघालेली गाडी

४ नोव्हेंबर २०२३ रोजी उपासना मेश्राम यांनी फेअरबँक्समध्ये दोन हजार तीनशे चाळीस डॉलर रोख मोजून जुनी गाडी घेतली. अलास्काचा हिवाळा तोंडावर, वय सत्तावन्न, आणि नागपुरात कधी स्कूटरच्या पुढे मजल गेली नव्हती. लायसन्स त्याच उन्हाळ्यात काढलेलं.

मुलगा आयुष कपाळाला हात लावून बसला. "आई, डिसेंबरमध्ये इथे अकराला उजाडतं आणि तीनच्या आत मावळतं. बर्फावर ड्राइव्ह करणार तू? चार महिने टेक्सासला, प्लेनोला पायलताईकडे जा ना. तिथे ऊन आहे."

"आणि शाळेतलं काम?" त्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. "पहिल्यांदा माझ्या नावाने पगार येतोय. अंधार पडतो म्हणून सोडू?"

"ठीक. एक दिवस जरी लेट झालीस तरी मी तिकीट काढणार."

"होऊ तर दे लेट!"

तिथल्या थंडीत इंजिन गोठतं, म्हणून रात्रभर गाडी वायरने भिंतीवरच्या सॉकेटला जोडून ते विजेवर गरम ठेवावं लागतं. शेजारच्या यशोधनने आपली जादा वायर आणून दिली. "जयभीम, मावशी. गाडी म्हणजे म्हैस समजा. रात्री दावणीला बांधायची, सकाळी सोडायची."

डिसेंबरच्या मध्यावर पारा उणे अडतीसला गेला. साडेसहाची ड्यूटी. काचेवरचं बर्फ खरवडता खरवडता बोटं बधिर झाली, वेळ गेला. उपासनाताईंनी घाईने गाडी मागे घेतली. हिसका बसला. बर्फाचं ढेकूळ असेल, असं वाटलं त्यांना. रस्त्यावर खालून फटफट आवाज येऊ लागला, समोरचे लोक दिवे मारू लागले. त्या थांबल्या नाहीत. थांबलं की उशीर, आणि उशीर म्हणजे प्लेनो.

शाळेच्या आवारात उतरून पाहतात तर नारिंगी वायर गाडीच्या पोटाखालून मागे लोळतेय. सोडायची राहिली होती. तेवढ्यात आयुषचा फोन.

"आई, भिंतीवरचा सॉकेट लोंबतोय! वायर कुठाय?"

"माझ्यासोबत."

"म्हणजे?"

"म्हणजे मी वेळेवर पोचले."

"यार आई, हसण्यासारखं नाहीये हे."

"तू हास. तिकीट मात्र काढू नकोस."

दुपारी अडीचला मावळतीच्या लालीत त्यांनी रस्त्यावर घासून निकामी झालेली वायर गुंडाळून डिकीत टाकली आणि स्वतः गाडी चालवत घरी आल्या. प्लेनोचं नाव त्या हिवाळ्यात पुन्हा निघालं नाही. सॉकेट आयुषने बसवून घेतला.

यशोधनच्या वायरचे साडेबावीस डॉलर अजून द्यायचे आहेत.