बर्मिंगहॅममधलं बालीचं ताट

‘बालीचा लेख कधी टाकताय?’ असं कमेंटमध्ये विचारणाऱ्या सगळ्यांना आधीच सांगून टाकते. मी बालीला गेलेच नाही. बालीचं जेवण मात्र जेवले, बर्मिंगहॅममध्ये, मार्केटच्या मागच्या गल्लीत, नऊ पाउंडांत. कसं जायचं, काय मागवायचं ते सगळं खाली दिलंय. पण फक्त तेवढ्यासाठी वाचत असाल तर मधलं बरंच काही सोसावं लागेल.

तीन महिन्यांपूर्वी इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्समधल्या आमच्या ऑफिसने अर्धी टीम कमी केली. त्या अर्ध्यात मी होते. धावाधाव करून नवी नोकरी मिळवली, नव्या कंपनीने व्हिसासाठी स्पॉन्सरशिपही दिली, अर्ज गेला. आता मंजुरी येईपर्यंत काम सुरू करता येत नाही, आणि देश सोडता येत नाही. म्हणजे कुणी अडवत नाही हो, खुशाल जा. पण बाहेर पाऊल टाकलं की अर्ज मागे घेतला असं धरतात. मग नोकरीही गेली आणि इथला मुक्कामही. बालीचं बुकिंग वर्षभर आधीचं होतं, ते गुपचूप रद्द केलं.

गुपचूप, कारण साताऱ्याला घरी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. बाबांना बीपी, आईला काळजी करायला कारण लागत नाही. नवी नोकरी सुरू झाली की सांगू, हसतहसत सांगू, असं ठरवलं होतं. त्यामुळे घरच्यांच्या हिशेबाने मी शनिवारी विमानात बसले. प्रत्यक्षात शनिवारी मी कपड्यांना इस्त्री करत होते आणि फोन बंद ठेवला होता.

आता बाबांबद्दल. ते भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाले. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, स्वतः मात्र गोव्यापलीकडे गेले नाहीत. मी कुठेही गेले की ते नकाशा उघडून बसतात आणि पहिला फोटो मागतात तो ताटाचा. देऊळ, समुद्र, डोंगर नंतर. माणसं काय खातात ते कळलं की गाव कळतं, असं त्यांचं म्हणणं. रविवारी संध्याकाळी त्यांचा मेसेज आला, ‘मनू, ताट कुठाय?’ मी लिहिलं, नेटवर्क नाही बाबा, दोन दिवसांत पाठवते.

सोमवारी त्यांचा मेसेज नाही. मंगळवारीही नाही. रुसले असणार, असं मला वाटलं. बाबांचा रुसवा असाच असतो, गप्प बसायचं आणि समोरच्याला टोचू द्यायचं. मग मी शोधायला बसले. इंटरनेटवरचा फोटो त्यांनी लगेच ओळखला असता. लंडनमधली बाली हॉटेलं बघितली, तिथे नुसत्या भाताला हात पोळतील असे दर. शेवटी बर्मिंगहॅममधलं एक सापडलं. बुधवार ते शनिवार, बारा ते चार. बुधवारी सकाळी निघाले.

मिल्टन कीन्सहून बर्मिंगहॅमला फास्ट गाडीने तासाभरात पोचता. स्लो गाडी रमतगमत जाते, पण तिकीट बरंच स्वस्त पडतं. गर्दीची वेळ टाळून, ऑफ पीकच घ्या. मी स्लो घेतली, मला कुठे घाई होती. बाहेर पाणी साचलेली शेतं, ओल्या मेंढ्या, रग्बी, कॉव्हेंट्री ही स्टेशनं, सगळीकडे एकच राखाडी रंग. डब्यात माझ्यासमोर एक बाई सबंध वेळ सँडविचच्या कडा काढून टाकत होती. इतकं उदास मला या देशात पहिल्या वर्षीही वाटलं नव्हतं. एक खोटं निभावायला मी दोन जिल्हे ओलांडून चालले होते, आणि कुणी विचारलं असतं तर त्यालाही सहल म्हणाले असते.

न्यू स्ट्रीट स्टेशनवरून उतार धरून मार्केटकडे चालत जा, दहा मिनिटं. मासळीवाल्यांच्या मागे एक गल्ली लागते. नखं रंगवण्याचं दुकान आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान यांच्या मध्ये हे हॉटेल. पाच टेबलं, त्यांवर फुलाफुलांचं रेक्झिन, काचेच्या कपाटात आठ-दहा ट्रे. गल्ल्यापाशी पानाच्या छोट्याशा द्रोणात चिमूटभर भात, एक झेंडूचं फूल आणि उदबत्ती. मालकीणबाईंना सगळे बू कादेक म्हणतात. बू म्हणजे आपल्याकडे बाई किंवा काकू. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चेहऱ्यावर हसू नाही. शिजवलेल्या भातातली पहिली चिमूट देवाची, मग गिऱ्हाइकाची, असं त्यांनी मला न विचारताच सांगितलं.

मागायचं ते ‘नासी चाम्पुर’. मिसळीचा भात म्हणा. मधे भाताची मूद आणि भोवती सगळं थोडं थोडं. मसाला लावून पिंजलेली कोंबडी, फरसबी आणि ओल्या खोबऱ्याची कोशिंबीर, लाल रश्शातलं अर्धं अंडं, तळलेले शेंगदाणे, गवती चहाच्या काडीवर थापून भाजलेलं माशाचं सारण. आणि कच्च्या छोट्या कांद्याची, मिरचीची, लिंबू पिळलेली चटणी, जिच्यासाठी मी परत जाईन. तिखट खाणाऱ्यांनी ती दोनदा मागावी, जास्तीचे पैसे घेत नाहीत.

मी खिडकीपासून लांब, सगळ्यात आतल्या टेबलावर बसले. इथे दुपारचा एक म्हणजे साताऱ्यात साडेपाच आणि बालीत रात्रीचे आठ. ताटावर उजेड पडून चालणार नव्हता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. फोटो काढताना व्हिनेगरची बाटली मधे येत होती, ती मी तिसऱ्यांदा सरकवली तेव्हा बू कादेक जवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, हॉटेलची चूक काढणार आहेस का? मी नाही म्हणाले आणि का कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. नोकरी, अर्ज, बाबा, ताट. तीन महिन्यांत मी हे पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होते, आणि तेही एका परक्या बाईला.

त्यांनी ना कौतुक केलं, ना नावं ठेवली. ताट उचलून आत गेल्या आणि केळीच्या पानावर सगळं नव्याने वाढून आणलं. पान फ्रीझरमधलं होतं, कडा काळी पडलेली. “बालीत असं देतात,” त्या म्हणाल्या. “पण हे पान थायलंडचं आहे. तुझे वडील ओळखतील का?”

नाही ओळखणार, म्हटलं. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. ‘बाबा, बालीतलं रात्रीचं जेवण.’ एरवी मिनिटाच्या आत प्रश्न सुरू होतात, तो मासा कुठला, भात मोकळा आहे की चिकट. काहीच आलं नाही. मी जेवले. जेवण खरंच फार चांगलं होतं आणि मला त्याचाही राग आला. अर्ध्या तासाने आईचा मेसेज आला, ‘छान. मजा कर.’ आई कधी तीन शब्दांत आटोपत नाही.

नीलेशचा फोन आला तेव्हा मी न्यू स्ट्रीटच्या प्लॅटफॉर्मवर होते. नीलेश माझा धाकटा भाऊ, पुण्यात असतो. ताई, कुठेतरी बसून घे, असं म्हणाला. मी बाकावर बसले. सोमवारी पहाटे बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दोन दिवस साताऱ्यातच आयसीयूत होते, आज सकाळी वॉर्डात आणलं, तोही तिथेच होता. मला कळवायचं नाही असं आईने ठरवलं होतं. पोरगी वर्षातून एकदा फिरायला जाते, तिथे एकटी आहे, तिची ट्रिप नासवू नका. परत आली की सांगू.

माझ्या ट्रिपसाठी त्यांनी तीन दिवस तोंडं शिवली होती.

मग नीलेश म्हणाला, आज भेटायच्या वेळेत त्याने बाबांना मी पाठवलेला फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिले. डावं बोट स्क्रीनवर टेकवलं आणि म्हणाले, ताट. सोमवारपासूनचा पहिला शब्द. डॉक्टरही खूश झाले. हे सांगताना तो रडला, मीही रडले. माझ्यासमोरून एक गाडी निघून गेली. आणि मग त्याने विचारलं, “बालीहून मुंबई जवळच पडेल ना? उद्याचं तिकीट बघू तुझं?”

फ्लाइट फुल आहेत, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. खरं सांगते, आले होते.

“मी बर्मिंगहॅमला आहे,” मी म्हणाले. “बालीला गेलेच नाही.”

मी सगळं सांगितलं. मग त्याने एवढंच विचारलं, म्हणजे येणार नाहीस? आत्ता आले तर परत येता येणार नाही रे, मी म्हणाले. तो म्हणाला, ठीक आहे. त्या ‘ठीक आहे’त काय होतं ते मी इथे लिहू शकत नाही. आईला तो सांगणार होता. बाबांना मात्र इतक्यात काही सांगायचं नाही, फोटो पाठवत राहा, रोज, असं म्हणाला आणि फोन ठेवला.

म्हणून मी गुरुवारी परत गेले. शुक्रवारीही. बू कादेकना सांगितल्यावर त्या रोज ताट वेगळं मांडायला लागल्या. एकदा मासा मधे, एकदा पिवळा भात, एकदा अंड्याऐवजी केळं तळून. रोज तोच आतला कोपरा, तेच थायलंडचं पान. तिकडे नीलेश बाबांना फोटो दाखवायचा आणि मला एका ओळीत कळवायचा. गुरुवारी ते ‘भात’ म्हणाले. शुक्रवारी ‘तिखट?’ असं विचारलं. वॉर्डातल्या सिस्टरला मी पाठवलेला फोटो दाखवून ‘बाली’ म्हणाले. प्रत्येक ओळ वाचून मला बरं वाटायचं आणि मग बरं वाटल्याची लाज.

शनिवारी मी ताटासमोर बसले होते तेव्हा व्हिडिओ कॉल आला. नीलेशने फोन बाबांच्या तोंडासमोर धरला होता. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, दाढी वाढलेली. मला बघून म्हणाले, “मनू. ये.”

बाबांनी जन्मात मला कधी ये म्हटलेलं नाही. जमेल तेव्हा ये, काम बघून ये, असं म्हणायचे. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि मला आणखी एक ताट दाखवता येईना. नीलेश कडेने स्क्रीनमध्ये डोकावून मान हलवत होता, नको म्हणून. मी तरी सांगितलं. नोकरी गेल्याचं, अर्जाचं, हे हॉटेल कुठे आहे त्याचं. फोन फिरवून त्यांना खिडकी दाखवली, बाहेरचा पाऊस दाखवला. आत्ता आले तर सगळं जातं बाबा, म्हणाले. त्यांना किती कळलं, मला माहीत नाही. पलीकडून आईचा आवाज आला, शोभतं का हे तिला, आणि नीलेशही काहीतरी बोलला.

बाबांनी डावा हात वर केला. दोघं थांबले. तोंड जुळवायला त्यांना खूप वेळ लागला, लाळ गळली, ती आईने पुसली. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाले, “तिला. काही. बोलू नका.”

सोमवारपासूनचं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य. ते त्यांनी माझ्यासाठी खर्च केलं. रागावले असते तर मी तग धरला असता, इथे राहण्याला काही अर्थ राहिला असता. माझ्याने तिथे बसवेना. बू कादेकनी ताट डब्यात भरून दिलं, पैसे घेतले, बाहेरच्या दारापर्यंत आल्या आणि परत गेल्या. गाडीत मी डबा मांडीवर घेऊन बसले होते. कॉव्हेंट्रीपर्यंत तो गरम होता.

या गोष्टीला आता सोळा दिवस झाले. हॉटेल चांगलं आहे, जरूर जा, भूक ठेवून जा, आणि जिथे असाल तिथूनच फोटो पाठवा. माझ्या अर्जाचा निकाल अजून आलेला नाही. तो मागे घ्यायचा फॉर्म मी रोज उघडते, नाव आणि जन्मतारीख भरते आणि बंद करते. बाबा आता काठी धरून बाथरूमपर्यंत जातात असं नीलेश कळवतो. घरात कुणी मला काही बोलत नाही. आई तर फोनच घेत नाही.