भरलेली टाकी, भरलेली कास

मंडळी, आज द्वारका चौकाजवळचा, विकायला काढलेला आमचा फ्लॅट बघायला एक जोडपं आलं. एजंटने बजावलं होतं, "टाकी भरून ठेवा, नळ जोरात वाहताना दिसले पाहिजेत." मी ऐकलं नाही. आल्या आल्या सांगून टाकलं, उन्हाळ्यात पाणी कमी येतं.

तो गृहस्थ बायकोला म्हणाला, "एवढं स्वतःहून सांगतायत, म्हणजे अजून बरंच असणार." दोघं निघून गेली.

मला आमची म्हैस आठवली.

ऐंशी सालाच्या आसपास आम्ही सिन्नरला राहायचो. वडिलांनी बाजारातून भरलेली कास बघून म्हैस आणली. दुसऱ्या दिवशी दूध निम्मंच! विकणाऱ्याने आदल्या दिवसापासून धार न काढता कास तुंबवली होती. वडील भांडायला गेले, तर म्हणतो कसा, "म्या दुधाचा शब्द तरी काढला का? तुमी पाह्यली, तुमी घेतली."

भाची वकील आहे, तिला आज विचारलं. ती म्हणाली, "मामा, कायद्यात फसवणुकीसाठी तोंडाने खोटं बोलायलाच लागतं असं नाही. वागण्यातूनही खोटं सांगता येतं."

पण पुढचं तिलाही सुटेना. वडिलांनी तीच म्हैस विकायला काढली, तेव्हा पहाटे धार काढून नेली. सैल कास बघून गिऱ्हाइकं म्हणाली, "तुंबवून एवढीच? मग दूध ते काय असणार!" वडील खरं सांगत राहिले. संध्याकाळी म्हैस परत आमच्याच दावणीला.

सगळा बाजारच कास तुंबवून येत असेल, तर रिकामी कास खरं बोलते की खोटं?

जरा विचार करून सांगा. उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय, आणि टाकी भरायची की नाही हे मला आजच ठरवायचंय.